कंबर बांधली, पोटाचं काय?

अण्णांना माझी चाहूल पावलांवरून लागत नाही, पट्ट्याच्या आवाजावरून लागते. पहाटे पाचला त्यांची कूस बदलायला उठते तेव्हा मी आधी पलंगाच्या कडेवर बसून कमरेचा पट्टा आवळते. वेल्क्रोचा तो कापड फाडल्यासारखा चर्रर्र आवाज मधली खोली ओलांडून त्यांच्यापर्यंत पोचतो. मी दारात येईपर्यंत त्यांनी आपला धड असलेला उजवा हात भिंतीकडच्या दांड्यावर नेऊन ठेवलेला असतो. "आलीस?" एवढंच म्हणतात.

अण्णा माझे वडील. वय ८४. तीन वर्षांपूर्वी पक्षाघातात त्यांची डावी बाजू गेली. वजन ६२ किलो. हा आकडा मी कधी विसरत नाही, कारण दोन वर्षं तो माझ्या कमरेने पेलला.

तो दिवसही तसाच लख्ख आठवतो. अण्णा पलंगावर पायथ्याकडे घसरले होते, मान उशीवरून खाली आली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. नेहमीसारखेच त्यांच्या काखेत हात घातले, दात आवळले, श्वास रोखला आणि वर ओढलं. ते वर सरकले आणि माझ्या कमरेत उसण भरली. नुसती चमक नव्हे. वाकलेल्या कमरेला सरळ होताच येईना. मी तशीच त्यांच्या उशीवर डोकं टेकून राहिले. आमचे चेहरे वीतभर अंतरावर होते. "लागलं का गं?" असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आपल्यामुळे लेकीला इजा झाली, हे त्यांच्या डोळ्यांत उतरलेलं मला दिसत होतं. त्या क्षणी मला दुखण्यापेक्षा तेच जास्त सोसेना.

एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी मागे फुगलेली दिसली. गोळ्या, थोडी विश्रांती आणि पट्टा. चालताना, उभं राहताना, काम करताना बांधायचा, झोपताना काढायचा. रुंद, इलॅस्टिकचा, पाठीमागे धातूच्या चार उभ्या पट्ट्या शिवलेला. पहिल्यांदा बांधला तेव्हा कुणीतरी मागून दोन्ही हातांनी आधार दिल्यासारखं वाटलं. तो दिलासा खरा होता. दुखणाऱ्या कमरेला चार-सहा आठवडे असा आधार मिळाला तर माणूस हिंडू-फिरू लागतो, आणि हिंडणं-फिरणं हाच कमरदुखीवरचा मोठा इलाज आहे.

साधारण दीड महिन्यानंतरची गोष्ट. रात्री पट्टा काढून पाठीवर पडले होते. अण्णांनी हाक मारली म्हणून तशीच सरळ उठायला गेले आणि पोटाकडे लक्ष गेलं. बेंबीच्या वर, पोटाच्या अगदी मधोमध, एक उभा उंचवटा आला होता. तळहाताएवढा लांब, बोटभर रुंद, तंबूच्या आढ्यासारखा. डोकं खाली टेकवलं की नाहीसा व्हायचा. डोकं उचललं की पुन्हा वर. मी तीन-चारदा तसं करून पाहिलं आणि हातपाय गार पडले.

कारण हर्निया मी लहानपणापासून पाहिला आहे.

अण्णांना चाळिशीत जांघेचा हर्निया झाला. घरातली जुनी माणसं त्याला अंतर्गळ म्हणायची. ऑपरेशनच्या नावानेच ते हबकायचे, म्हणून त्यांनी पट्टा घेतला. माझ्या पट्ट्यासारखा नव्हे, तो वेगळाच. कमरेभोवती फिरणारी स्प्रिंग आणि जांघेवर दाबून बसणारी चामड्याची गोल गादी. रोज सकाळी दार लोटून ते पाठीवर निजायचे आणि बाहेर आलेला फुगवटा बोटांनी हळूहळू आत ढकलायचे. मी दहा-अकरा वर्षांची असेन. दाराच्या फटीतून एकदा ते पाहिलं. आत जाताना गुडगुड असा आवाज झाला आणि अण्णांनी डोळे मिटून मोठा श्वास घेतला. मग ती गादी जागेवर बसवून पट्टा आवळला. चामडं घामाने काळं पडलं होतं. त्यानंतर ते आमच्याबरोबर का पळत नाहीत, ओझं उचलायची वेळ आली की बाजूला का होतात, हे मला कळलं आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.

अशी पंचवीस-सव्वीस वर्षं त्यांनी काढली. अडुसष्टाव्या वर्षी फुगवटा आत जाईनासा व्हायला लागला, तेव्हा कुठे ऑपरेशन झालं. फाटलेल्या जागी जाळी बसवली. दुसऱ्या दिवशी ते चालत बाथरूमला गेले. बिछान्यावर परत येऊन म्हणाले, "एवढंच होतं होय." त्या वाक्यात सव्वीस वर्षांच्या भीतीचा जो पश्चात्ताप होता तो मी विसरू शकलेले नाही. त्रास नसलेला जांघेचा हर्निया काही काळ नुसता लक्ष ठेवून चालतो, हे आता अभ्यासांनी दाखवलं आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा ७२० पुरुषांची पाहणी होती आणि थांबलेल्यांपैकी फारच थोड्यांवर तातडीचा प्रसंग आला. पण त्याच मंडळींचा पाठपुरावा पुढे चालू राहिला, तेव्हा थांबून पाहणाऱ्यांपैकी सुमारे ६८ टक्क्यांनी दहा वर्षांच्या आत ऑपरेशन करून घेतल्याचा हिशेब निघाला. बहुतेकांनी दुखणं वाढलं म्हणून. अण्णांना हे कुणी वेळेवर नीट बसून सांगितलं असतं, तर आमच्या लहानपणी ते कदाचित आमच्याबरोबर पळाले असते.

म्हणून तो उंचवटा पाहिल्यावर माझ्या मनाने जो हिशेब मांडला तो मला अगदी चोख वाटला. पट्ट्याने पोट चहूबाजूंनी आवळलं. आतल्या आतड्यांना जागा कमी पडली. मग जिथे भिंत कच्ची, तिथून ती बाहेर येऊ पाहणार. कंबर वाचवायला बांधलेल्या पट्ट्यानेच माझं पोट फाडलं.

दहा दिवस मी हे कुणाला बोलले नाही. पट्टा सैल केला, कंबर दुखायला लागली. आवळला, की पोटाची धास्ती. शिंक आली तरी पोट दोन्ही हातांनी धरून ठेवायची. एका नात्यातल्या बाईंजवळ शेवटी विषय काढला तर त्या म्हणाल्या, "बायकांना कुठे हर्निया होतो?" होतो. जांघेचा हर्निया आयुष्यात कधी ना कधी होण्याची शक्यता पुरुषांमध्ये सुमारे २७ टक्के, बायकांमध्ये ३ टक्के धरतात. पण त्याच्या जरा खाली, मांडीच्या सांध्यालगत होणारा एक प्रकार आहे, तो पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आढळतो आणि त्यात आतडं अडकण्याचा धोकाही जास्त असतो. "बायकांना होत नाही" या समजुतीपायी कितीजणी जांघेतली गाठ लपवून बसत असतील, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

शेवटी सर्जनकडे गेले. त्या स्वतः बाईच होत्या, माझ्याहून लहान. त्यांनी आधी उभं केलं, जांघेवर बोटं ठेवली. "खोका." दुसऱ्या बाजूला. "पुन्हा खोका." मग पाठीवर निजवलं आणि नुसतं डोकं उचलायला सांगितलं. तो उंचवटा आला. त्यांनी बोटं त्यावर न ठेवता त्याच्या आत, दोन्ही कडांच्या मधे आडवी ठेवली आणि मोजलं. अडीच बोटं.

"हा हर्निया नाही," त्या म्हणाल्या. "मधली शिवण सैल झालीय. मुलं किती तुम्हाला?"

दोन. धाकटी आता तेवीस वर्षांची आहे.

पोटाच्या पुढच्या बाजूला बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंत दोन उभे स्नायू असतात. त्यांना मधोमध जोडणारी घट्ट पांढरी पट्टी असते, तीच ही शिवण. गरोदरपणात पोट वाढतं तशी ती ताणली जाते आणि काही बायकांमध्ये पुन्हा पूर्ण आवळतच नाही. हर्नियात भिंतीला भोक पडतं आणि आतलं काहीतरी त्यातून बाहेर येतं. इथे भोक नव्हतं, कापड विरलं होतं. म्हणजे तो उंचवटा तेवीस वर्षं माझ्याबरोबर होता. पट्ट्याने तो आणला नव्हता. पट्ट्यामुळे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच स्वतःच्या पोटाकडे पाहिलं होतं.

मी माझा चोख हिशेब त्यांना सांगितला. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. त्या म्हणाल्या, हिशेब अर्धा बरोबर आहे.

तो अर्धा भाग असा. पोट ही बंद पेटी आहे. वर छताला श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, मागे मणका आणि पुढून-बाजूंनी स्नायूंचे थर. यातला सगळ्यात आतला थर आडवा असतो, पाठीपासून पुढे पोटाला वेढा घालणारा. निसर्गानेच बांधलेला पट्टा. ओझं उचलताना हे सगळे एकदम आवळतात, पेटीतला दाब वाढतो आणि तो दाब मणक्याला आतून टेकू देतो. १९५७ साली बार्टेलिंक यांनी हा विचार मांडला आणि कमरेच्या पट्ट्यांमागची कल्पना बरीचशी तिथूनच येते. बाहेरून आवळलेला पट्टा ओझं उचलताना हा दाब आणखी वाढवू शकतो. तेव्हा पोटावर ताण येतो असं वाटणं खुळेपणाचं नाही.

पण त्या दाबामुळे, नुसत्या पट्ट्यामुळे, हर्निया झाला असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. आणि, हे मी मुद्दाम लिहिते आहे, पट्टा बांधल्यामुळे हर्निया टळतो याचाही नाही. हर्निया व्हायला भिंत मुळात कच्ची असावी लागते. ती जन्मतः असते, घराण्यात असते, वयाने होते, जुन्या ऑपरेशनच्या टाक्यांजवळ होते. त्यावर वर्षानुवर्षं खोकला, बद्धकोष्ठ, लघवीला जोर करावा लागणं, अशी भर पडते.

मग त्यांनी कोपऱ्यातली जड खुर्ची दाखवून म्हटलं, "ही उचलून इकडे ठेवा बघू." मी उचलली, ठेवली.

"श्वास काय केला होता?"

मला उत्तर देता येईना. त्यांनी पुन्हा उचलायला लावली. तेव्हा कळलं. खुर्चीला हात लागायच्या आधीच मी श्वास कोंडला होता, गळा बंद केला होता, आणि खुर्ची खाली टेकेपर्यंत तो तसाच धरून ठेवला होता. अण्णांना उचलताना मी दिवसातून आठ-दहा वेळा हेच करत आले होते. वर कमरेतल्या दुखण्यावरच्या एका गोळीने कोठा जड झाला होता, म्हणजे सकाळी शौचाला बसून कुंथणं आलंच. बंद गळ्याविरुद्ध जोर करण्याच्या या क्रियेला वाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं नाव आहे. १७०४ साली त्याने कानावरच्या ग्रंथात ती सांगितली, कानातला पू बाहेर काढायला. तीन शतकांपूर्वीच्या कानाच्या उपचाराशी माझ्या पोटाचं असं नातं निघेल हे मला कुठे ठाऊक होतं.

घरी येऊन मी जमेल तेवढं वाचलं. २००५ साली वीस निरोगी तरुण माणसांच्या पोटातला दाब प्रत्यक्ष मोजलेला एक अभ्यास आहे. उभं राहिलं की तो पाऱ्याच्या सुमारे २० मिलिमीटर. उभ्याने खोकलं की शंभराच्या वर. जागेवर उडी मारली की त्याहून अधिक. आणि साडेचार किलोचं वजन उचलणं किंवा कमरेत वाकणं? दाबात फार मोठी वाढ नाही. मी शिंकेला भीत होते ते अगदीच अनाठायी नव्हतं, आणि पाण्याची कळशी उचलायला भीत होते ते बरंचसं अनाठायी होतं.

पट्ट्याबद्दलही वाचलं आणि तिथे मात्र मी हादरले. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी नायॉश ही सरकारी संस्था आहे. तिने १९९४ सालीच म्हटलं होतं की निरोगी कामगारांनी पट्टा बांधल्याने कमरेची इजा टळते असं म्हणायला पुरेसा आधार नाही. मग १६० दुकानांत माल उचलणाऱ्या नऊ हजारांहून जास्त कामगारांची पाहणी झाली. ती २००० साली छापून आली. रोज पट्टा बांधणाऱ्यांत आणि न बांधणाऱ्यांत कमरदुखीचा फरक आढळला नाही. हे निरोगी माणसांबद्दल आहे, दुखऱ्या कमरेला तात्पुरता आधार देण्याबद्दल नाही, एवढं लक्षात ठेवायला हवं. पण मी पट्ट्याचं काय करत होते? दुखणं जरा ओसरल्यावर त्याच्या जोरावर अण्णांना पुन्हा एकटीने उचलत होते. बांधलाय ना, मग उचलू.

त्याच संस्थेचे आणखी दोन आकडे. सगळं अनुकूल असताना, ओझं शरीराजवळ, पकड चांगली, वाकणं नाही, अशा वेळी उचलायच्या वजनाची वरची मर्यादा २३ किलो. आणि ते ओझं म्हणजे आजारी माणूस असेल तर ३५ पौंड, म्हणजे जेमतेम १६ किलो. कारण माणूस पेटीसारखा उचलता येत नाही. तो घसरतो, घाबरतो, आपल्याला धरतो.

सोळा. अण्णा बासष्ट.

मला इथे थोडं रागाने बोलू द्या. अण्णांना रुग्णालयातून घरी सोडलं तेव्हा गोळ्यांचा कागद मिळाला, पुढच्या तपासणीची तारीख मिळाली. दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील, असं बजावलं गेलं. ६२ किलोच्या माणसाची कूस बदलायची कशी, हे कुणी दाखवलं नाही. पाच मिनिटांचं काम होतं ते. घरोघरी आयांना, वडिलांना, नवऱ्यांना उचलणाऱ्या बायकांच्या कमरा अशाच जातात आणि प्रत्येकीला वाटतं आपणच कमकुवत.

मला दाखवलं ते फिजिओथेरपिस्टने, घरी येऊन. पहिलं वाक्य होतं, "त्यांना उचलायचं नाहीच." पलंगाच्या पायांखाली ठोकळे घालून तो माझ्या कमरेच्या उंचीला आणला. अण्णांच्या खाली खांद्यापासून मांडीपर्यंत पुरेल अशी गुळगुळीत आडवी चादर घातली. वर सरकवायचं तर दोघांनी, दोन बाजूंनी चादर धरून, त्यांना ओढायचं नाही, चादर सरकवायची. एकटीने फक्त कूस बदलायची. त्यांचा गुडघा वाकवायचा, एक हात गुडघ्यावर, एक खांद्यामागे, आणि माझं वजन पुढच्या पायावर टाकायचं. आणि जोर लावताना श्वास बाहेर. तोंडाने, ऐकू येईल असा.

याची सवय लागायला वेळ गेला. जन्मभर ज्या क्षणी श्वास कोंडला त्याच क्षणी तो सोडायचा, हे शरीराला पटेना. मग अण्णांनीच तोडगा काढला. "मी मोजतो," म्हणाले. एक, दोन, आणि तीनला दोघांनीही फूऽऽ करायचं. त्यांचं तोंड डावीकडे जरा ओघळलेलं आहे, त्यामुळे त्यांचा फुंकर एका कडेने निसटतो. पहिल्या दिवशी आम्हा दोघांनाही हसू फुटलं आणि कूस बदलायची राहूनच गेली.

माझे व्यायामही होते. पाठीवर निजलेल्या जागेवरून एकदम सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठायचं, म्हणजे मधली शिवण ताणली जात नाही. पाठीवर निजून श्वास सोडत बेंबीखालचं पोट हलकेच आत घ्यायचं आणि टाच सरकवत पाय लांब करायचा. इतका साधा की सुरुवातीला मी तो व्यायाम मानतच नव्हते. पण आडवा आतला थर असाच जागा होतो. १९९६ साली हॉजेस आणि रिचर्डसन यांनी नोंदवलं होतं की निरोगी माणसाने हात उचलला तरी त्याआधीच हा स्नायू आवळतो, आणि कमरदुखीवाल्यांमध्ये तो उशिरा जागा होतो. हे वाचलं तेव्हा माझ्या पोटाबद्दल मला पहिल्यांदा माया वाटली.

पट्टा बांधायचीही रीत असते. पातळ सुती कपड्यावरून बांधायचा. पाठीच्या उभ्या पट्ट्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना यायला हव्यात, वरची कड बरगड्यांत रुतायला नको, आणि मोकळा श्वास घेता आला पाहिजे. जेवून बसलं की मी तो सैल करते, नाहीतर घशाशी आंबट येतं. हर्निया आहे असं आधीच ठाऊक असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय कमरेचा पट्टा बांधू नये, आणि त्याने जांघेची गाठ दाबून तर मुळीच ठेवू नये. हर्नियाचा पट्टा वेगळा, कमरेचा वेगळा.

कपाटाच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवला आहे. पोटावर किंवा जांघेत गाठ आली आणि ती आत जात नाही, दुखते, रंग बदलते, उलट्या होतात, तर सकाळची वाट पाहायची नाही. बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, पायातली ताकद गेली, तरीही नाही. हा कागद माझ्यासाठी आहे तसाच, मी नसताना अण्णांना सांभाळणाऱ्यांसाठीही आहे.

आता पट्टा दिवसभर नसतो. आठवड्या-आठवड्याने तास कमी करत आणला. आजपासून फक्त अण्णांच्या आंघोळीच्या वेळी बांधायचा, कारण ओल्या फरशीवर त्यांना खुर्चीत बसवताना माझा स्वतःवर अजून पुरता विश्वास बसलेला नाही. एरवी तो खुर्चीच्या पाठीला टांगलेला असतो.

आज पहाटे पाचला मी नुसतीच उठले आणि त्यांच्या खोलीत गेले. आवाज नाही, त्यामुळे त्यांचा हात दांड्यावर नव्हता. डोळे उघडून त्यांनी माझ्या कमरेकडे पाहिलं.

"पट्टा कुठाय?"

"आंघोळीला बांधीन."

ते जरा थांबले. मग उजवा हात हळूहळू पलीकडे नेला आणि दांडा धरला. मी त्यांचा गुडघा वाकवला, खांद्यामागे हात घातला.

"एक," अण्णा म्हणाले. "दोन."